वेस्टवूड आणि एल काहोन: इराणी आणि इराकी स्थलांतरितांच्या सांपत्तिक स्थितीचा एक प्रकरण अभ्यास

लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड बुलेवार्डवर विल्शर रस्ता ओलांडून दक्षिणेला चालत गेलं की दुकानांच्या पाट्या फारसीत दिसायला लागतात. पुस्तकांची दुकानं, केशर-गुलाबाचं आइस्क्रीम, परदेशी चलन बदलून देणारे सराफ, वकील, दंतवैद्य, घरांचे दलाल. २०१० साली शहराने इथल्या चौकाला 'पर्शियन स्क्वेअर' असं अधिकृत नाव दिलं, पण लोक त्याच्या कितीतरी आधीपासून या परिसराला 'तेहरानजेलिस' म्हणत आले आहेत. इथून दक्षिणेला साधारण दोनशे किलोमीटरांवर, सॅन दिएगोच्या पूर्वेला, डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेत एल काहोन हे लाखभर वस्तीचं शहर आहे. तिथल्या मेन स्ट्रीटवर पाट्या अरबीत आहेत. बोलणं ऐकलं तर अरबीबरोबर सुरेथही कानावर पडते, म्हणजे उत्तर इराकच्या खाल्डियन ख्रिस्ती लोकांची अरामी बोली. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा समून पाव भाजणाऱ्या भट्ट्या आहेत, किराणा आहे, आणि दुपारी चहाच्या ग्लासाभोवती बसलेली, कामाच्या वयातली पण काम नसलेली माणसं आहेत.

दोन्ही गावं एकाच राज्यात. कायदा एक, शाळांची व्यवस्था एक. ज्या दोन देशांतून ही माणसं आली त्यांची सीमा एकमेकांना लागून आहे, आणि दोन्ही देश तेलावर उभे आहेत. तरीही कॅलिफोर्नियात त्यांची आर्थिक स्थिती इतकी वेगळी दिसते की पाहणारा चटकन एक निष्कर्ष काढतो: इराणी माणूस शिकलेला, हुशार, धंद्यात तरबेज, इराकी माणूस सरकारी मदतीवर अवलंबून. असं बोललेलं मी सुशिक्षित लोकांकडून, त्यात आपली मराठी मंडळीही आली, पुष्कळदा ऐकलं आहे. ते चुकीचं आहे असं मला वाटतं, आणि का वाटतं ते या दोन गावांच्या आधाराने मांडतो.

तक्ता काय दाखवतो

अमेरिकेत स्थलांतरितांची मोजणी देशवार तक्त्यात मांडतात, तो आधी पाहू. २०१९ च्या सुमारास अमेरिकेत इराणमध्ये जन्मलेले लोक पावणेचार लाखांच्या वर होते. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या कॅलिफोर्नियात. इराकमध्ये जन्मलेले अडीच लाखांच्या घरात. त्यांची मोठी केंद्रं डेट्रॉइट आणि सॅन दिएगो. प्रौढ इराणी स्थलांतरितांपैकी पाचांत साधारण तिघे पदवीधर किंवा त्याहून जास्त शिकलेले आहेत. सगळ्या स्थलांतरितांत हे प्रमाण तिघांत एक इतकं, आणि अमेरिकेत जन्मलेल्यांतही जवळपास तेवढंच. इराणी कुटुंबाचं मध्यक उत्पन्न अमेरिकन कुटुंबाच्या मध्यकापेक्षा वर आहे. इराकी कुटुंबाचं बरंच खाली आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांचं प्रमाण इराकींत कितीतरी जास्त.

यात दोन गोष्टींनी अंतर आणखी रुंदावतं. इराकी घरं मोठी असतात, नवरा-बायको, चार मुलं आणि म्हातारी आई अशी. त्यामुळे तेवढंच उत्पन्न अधिक तोंडांत वाटलं जातं. दुसरं म्हणजे इराकी घरांत बाहेर नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी आहे. कॅलिफोर्नियासारख्या महाग राज्यात एका पगारावर घर चालवणं म्हणजे पहिल्या तारखेला भाडं भरलं की महिना संपल्यासारखंच.

इथपर्यंत तक्ता खरं बोलतो. पण त्याच्या डाव्या रकान्यात फक्त देशाचं नाव आहे. माणूस कोणत्या वर्षी निघाला, निघताना हातात काय होतं आणि अमेरिकेने त्याला कोणत्या दाराने आत घेतलं, हे त्यात कुठेच नाही. खरी गोष्ट या तीन प्रश्नांत दडलेली आहे.

सत्तर रियालचा डॉलर

इराण्यांचं अमेरिकेत येणं १९७९ च्या इस्लामी क्रांतीने सुरू झालं नाही, तेलाने सुरू झालं. १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले, शहाच्या सरकारला अभियंते हवे होते, देशातली विद्यापीठं अपुरी पडत होती. मुलं बाहेर पाठवली गेली. १९७९-८० या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ५१ हजारांहून अधिक इराणी विद्यार्थी होते. त्या वर्षी दुसऱ्या कोणत्याही देशाचे इतके विद्यार्थी अमेरिकेत नव्हते. ही मुलं शिकून परत जाणार होती. क्रांती झाली आणि ती राहिली. म्हणजे ज्या समाजाला आपण आज 'निर्वासित' म्हणून मोजतो त्याचा पाया अमेरिकेचीच पदवी घेतलेल्या, इंग्रजी येणाऱ्या तरुणांचा होता. अमेरिकेत शिकलेल्याला पदवी 'मान्य करून घ्यावी' लागत नाही. पुढे एल काहोनकडे जाऊ तेव्हा हा मुद्दा लक्षात ठेवावा.

मग १९७८-७९ मध्ये पालक आले, काका-मामा आले. कारखानदार, लष्करी अधिकारी, बँकवाले, डॉक्टर. क्रांतीआधी डॉलरला साधारण ७० रियाल हा स्थिर दर होता. ज्यांनी वेळेत ओळखलं त्यांनी तेहरानचं घर विकून, बाजारातली पुंजी काढून घेऊन त्या दराने डॉलर केले. २०२५ मध्ये खुल्या बाजारात एका डॉलरला दहा लाख रियालांहून जास्त मोजावे लागत होते. तेहरानमधला तोच फ्लॅट, तीच बचत, पण कोणत्या साली बाहेर काढली यावर एका कुटुंबाचं पन्नास वर्षांचं आयुष्य ठरलं.

सगळ्यांना पैसा काढता आला नाही, हेही सांगायला हवं. उबरचे प्रमुख दारा खोस्रोशाही यांचं कुटुंब इराणमधलं बडं औद्योगिक घराणं. १९७८ मध्ये ते निघाले तेव्हा दारा नऊ वर्षांचे होते. कंपनी गेली, घर गेलं, न्यूयॉर्क राज्यातल्या टॅरीटाउनला एका काकांच्या घरात आसरा घ्यावा लागला. काही वर्षांनी वडील स्वतःच्या वडिलांना पाहायला इराणला गेले आणि त्यांना सहा वर्षं परत येऊ दिलं नाही. म्हणजे पैसा बुडूनही या मुलाकडे काही शिल्लक होतं: अमेरिकेत आधीच घर असलेला काका, व्यवसायाची भाषा जाणणारं घराणं, आणि चांगल्या शाळेत कसं शिरायचं हे माहीत असलेले नातेवाईक. अशी पुंजी बँकेच्या खात्यात दिसत नाही आणि सीमेवर कोणी काढूनही घेत नाही.

तेहरानमध्ये ज्यांच्या हाताखाली शेकडो माणसं होती असे कितीतरी लोक लॉस एंजेलिसमध्ये कपडे धुण्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसले. त्यात वातावरण विषारी होतं. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमधला अमेरिकन दूतावास ताब्यात घेतला गेला आणि ओलीस ४४४ दिवसांनी, २० जानेवारी १९८१ ला सुटले. त्या काळात 'इराणी' म्हणून नोकरी मागायला जाणं सोपं नव्हतं. 'पर्शियन' म्हणवून घेण्याची सवय तेव्हाच पक्की झाली. नोकरीची दारं अर्धवट बंद, हातात थोडी पुंजी आणि शिक्षण: अशा वेळी माणूस स्वतःचा धंदा टाकतो. लॉस एंजेलिसच्या इराण्यांत स्वयंरोजगाराचं प्रमाण फार मोठं झालं ते यातून.

१९८० च्या दशकाच्या शेवटी समाजशास्त्रज्ञांनी लॉस एंजेलिसमधल्या इराणी कुटुंबांची पाहणी केली. 'इराणी' हा एक समाज नव्हताच: मुसलमान, ज्यू, आर्मेनियन, बहाई असे निदान चार समाज होते, आणि प्रत्येकाचं आपलं जाळं होतं. ज्यू कुटुंबांत स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत जास्त. तेहरानच्या बाजारातलं कापड आणि जवाहिऱ्यांचं ज्ञान घेऊन ते लॉस एंजेलिसच्या कापड आणि दागिन्यांच्या बाजारात शिरले, तिथून जमीनजुमल्यात. जमशीद उर्फ जिमी देलशाद २००७ मध्ये बेव्हर्ली हिल्सचे महापौर झाले. त्याच वेळी लॉस एंजेलिसशेजारच्या ग्लेनडेलला येऊन राहिलेली इराणी आर्मेनियन कुटुंबं वेगळ्याच पायरीवर होती. म्हणजे आपण ज्याला 'इराणी समृद्धी' म्हणतो ती मुळातच एकसंध नाही.

तेरा वर्षं झिजलेला मध्यमवर्ग

आता इराक. १९८० च्या आसपास बगदादचा मध्यमवर्ग तेहरानच्या मध्यमवर्गापेक्षा मागे नव्हता. शिक्षण मोफत होतं, १९७८ मध्ये सरकारने सक्तीची साक्षरता मोहीम राबवली होती, बगदादचे डॉक्टर आणि अभियंते अरब जगात नावाजलेले होते. अधिकृत दराने एका दिनारला तीन डॉलरहून जास्त मिळत. त्या साली दोन कुटुंबं, एक तेहरानचं आणि एक बगदादचं, कॅलिफोर्नियात येऊन शेजारी राहिली असती तर आज त्यांच्यात फरक करणं अवघड गेलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

पण बगदादचं कुटुंब तेव्हा निघालं नाही. १९८० ते १९८८ इराणशी युद्ध झालं. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवरच्या आक्रमणानंतर संयुक्त राष्ट्रांनी आर्थिक निर्बंध घातले ते मे २००३ पर्यंत चालले. या तेरा वर्षांत जे झालं ते बॉम्बहल्ल्यांइतकं छायाचित्रांत दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. १९९५ च्या अखेरीस काळ्या बाजारात डॉलरला सुमारे ३,००० दिनार झाले. शाळामास्तरचा महिन्याचा पगार काही डॉलरांवर आला. आयुष्यभराच्या बचतीतून अंड्यांचे ट्रे येऊ लागले. प्राध्यापकांनी आपले ग्रंथसंग्रह बगदादच्या मुतनब्बी रस्त्यावर फूटपाथवर मांडून विकले. नंतर फर्निचर, नंतर बायकोचे दागिने. मुलं शाळा सोडून सिगारेटी विकायला लागली. एक पूर्ण पिढी आपल्या आई-वडिलांपेक्षा कमी शिकली.

आणि मग, पुंजी संपल्यावर, निघायची वेळ आली. २२ फेब्रुवारी २००६ ला समारा शहरातल्या शियापंथीयांच्या अल-अस्करी दर्ग्यावर बॉम्बहल्ला झाला आणि देश यादवीत गेला. लाखो लोक सीरिया आणि जॉर्डनमध्ये पळाले. दमास्कस किंवा अम्मानमध्ये काम करायची परवानगी नव्हती, म्हणून जे काही उरलं होतं ते तिथे भाड्यात गेलं. २०१४ मध्ये मोसुल 'इस्लामिक स्टेट'च्या हाती पडलं तेव्हा तर ख्रिस्ती कुटुंबांच्या घरांवर खूण म्हणून अरबी 'नून' (ख्रिस्ती या अर्थाच्या 'नसारा' शब्दाचं पहिलं अक्षर) रंगवलं गेलं आणि शहर सोडताना नाक्यांवर पैसे, अंगठ्या, कानातली काढून घेतली गेली. तेहरानचा माणूस १९७८ मध्ये सत्तरच्या दराने डॉलर घेऊन निघाला होता. मोसुलची बाई कानातलं नाक्यावर देऊन निघाली. दोघांची तुलना करताना हा आरंभबिंदू कोणत्या रकान्यात लिहायचा?

अमेरिकेचं दारही उशिरा उघडलं. २००७ च्या आर्थिक वर्षात फक्त १,६०८ इराकी निर्वासित घेतले गेले. टीका वाढल्यावर २००८ मध्ये १३,८०० च्या वर, २००९ मध्ये १८,८०० च्या वर. आकडे वाढले नेमके त्या वेळी जेव्हा अमेरिकेवर १९३० नंतरची सर्वांत वाईट मंदी आली होती. मिशिगनमध्ये बेकारी १४ टक्क्यांच्या आसपास, कॅलिफोर्नियात २०१० मध्ये १२ टक्क्यांवर. डेट्रॉइटची अवस्था इतकी बिकट होती की जवळचे नातेवाईक तिथे असल्याशिवाय इराकी निर्वासितांना त्या भागात पाठवायचं नाही असं २००८ मध्ये परराष्ट्र खात्याने ठरवलं. त्यामुळे आणखी कुटुंबं एल काहोनकडे वळली. तिथे खाल्डियन चर्च होतं, २००२ पासून स्वतंत्र धर्मप्रांत होता, भाषा समजणारे दुकानदार होते.

एका घराचा हिशेब मांडून पाहू. हे कोणा एकाचं घर नाही, नियमांतून उभं केलेलं उदाहरण आहे. पाच माणसं, २००९. विमानतळावर उतरल्यावर पुनर्वसन संस्थेला सरकारकडून माणशी ९०० डॉलर मिळत, म्हणजे पाच जणांचे ४,५०० आणि त्यातलाही काही भाग संस्थेच्या खर्चाला. जानेवारी २०१० मध्ये ही रक्कम दुप्पट, माणशी १,८०० झाली. त्यातले १,१०० निर्वासितासाठी. पाच जणांचे ५,५०० डॉलर, पहिल्या तीन महिन्यांसाठी. दोन खोल्यांच्या घराचं भाडं हजाराच्या आसपास आणि अनामत वेगळी. शिवाय विमानाचं तिकीट फुकट नसतं! ते बिनव्याजी कर्ज असतं, आणि काही महिन्यांत त्याचे हप्ते सुरू होतात. म्हणजे हे कुटुंब अमेरिकेत शून्यावर उतरत नाही, काही हजार डॉलरांच्या देण्यासह उतरतं.

आता कुटुंबप्रमुख बगदादचा औषधशास्त्रज्ञ आहे असं धरू. वय ४८. त्याला इंग्रजीची चाचणी, समकक्षतेची परीक्षा, कित्येक महिन्यांची उमेदवारी आणि मग परवान्याच्या परीक्षा. डॉक्टर असेल तर परीक्षा देऊन पुन्हा निदान तीन वर्षं निवासी डॉक्टर म्हणून राबायचं, तीही जागा मिळाली तर. या सगळ्याला तीन-चार वर्षं आणि फी लागते. सरकारी मदतीची अट मात्र अशी की शक्य तितक्या लवकर मिळेल ती नोकरी धरा. त्यामुळे तो गोदामात खोकी उचलतो, रात्री टॅक्सी चालवतो, आणि अभ्यासाला वेळ राहत नाही. दोन वर्षांनी त्याचं ज्ञान आणखी जुनं झालेलं असतं. जगाने ज्या माणसाच्या शिक्षणावर पंचवीस वर्षं खर्च केली त्याला एका तिमाहीच्या भाड्यासाठी कायमचं हमाल करून टाकणारी ही व्यवस्था मला अतिशय उधळी वाटते, आणि क्रूर.

अमेरिकन सैन्यासाठी दुभाष्याचं काम केलेल्यांना खास व्हिसा होता. २००८ च्या कायद्याने वर्षाला ५,००० जागा ठेवल्या. या लोकांना इंग्रजी यायचं, कित्येक अभियंते होते. तेही पहिली नोकरी म्हणून गोदामातच गेले.

आणि एक गोष्ट कोणत्याही तक्त्यात येत नाही. अपहरणानंतर खंडणी देऊन सुटलेला भाऊ, डोळ्यांसमोर गेलेला मुलगा, झोप न येणारी आई. अशा घरात वडिलांना 'इंग्रजीच्या वर्गाला का जात नाही' असं विचारणाऱ्या अधिकाऱ्याने आधी थोडं थांबायला हवं.

डेट्रॉइटचा कोपऱ्यावरचा दुकानदार

इराकी माणूस अमेरिकेत गरीबच राहतो, असं या सगळ्यावरून वाटेल. डेट्रॉइटकडे पाहिलं की ते खोडलं जातं.

मोसुलच्या उत्तरेला तेल केप्पे नावाचं खाल्डियन गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले काही पुरुष डेट्रॉइटला आले. १९१४ मध्ये हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली होती आणि शहर माणसं ओढून घेत होतं. पण खाल्डियन कारखान्यात फार रमले नाहीत. त्यांनी किराणा दुकानं टाकली. १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्याने नातेवाइकांना आणणं सोपं झालं. १९६७ च्या दंगलीनंतर गोरे दुकानदार आणि मोठी सुपरमार्केटं शहर सोडून गेली. रिकाम्या झालेल्या दुकानांत खाल्डियन शिरले. सेव्हन माइल रस्त्यावर वस्ती झाली. 'पार्टी स्टोअर' म्हणतात त्यांना तिथे: दूध, पाव, बिअर, लॉटरी, सगळं एका छताखाली. काही दशकांत डेट्रॉइट शहरातली बहुतांश किराणा दुकानं त्यांच्या हाती आली.

पैसा बँकेकडून आला नाही. चुलत्याने उसने दिले, मेव्हण्याने माल उधारीवर दिला, नवा आलेला पुतण्या सकाळी सातपासून रात्री बारापर्यंत गल्ल्यावर बसला आणि पाच वर्षांनी स्वतःचं दुकान काढलं. किंमतही मोठी मोजावी लागली. दरोड्यांत कित्येक दुकानदार काउंटरमागे मारले गेले, आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांशी संबंध बराच काळ ताणलेले राहिले. पण दोन पिढ्यांत ही कुटुंबं वेस्ट ब्लूमफिल्डसारख्या सुखवस्तू उपनगरांत गेली, मुलं वकील-डॉक्टर झाली. तेही इराकीच, तोच धर्म, तीच बोली, कित्येकदा तेच आडनाव जे आज एल काहोनच्या मदत कार्यालयाच्या रांगेत दिसतं. फरक आगमनाच्या सालाचा आणि आधी येऊन बसलेल्या काकाचा.

हे वाचताना मराठी माणसाला आपल्याकडचा इराणी आठवल्याशिवाय राहणार नाही. कोपऱ्यावरचं दुकान, संगमरवरी टेबलं, मागे राबणारं अख्खं घर. मुंबई-पुण्याची गोष्ट तर कॅलिफोर्नियाच्या अगदी उलट आहे. इथे श्रीमंत म्हणून आले ते इराकी. बगदादच्या खजिनदार घराण्यातले डेव्हिड ससून तिथल्या दाऊद पाशाच्या जाचातून निसटले, इराणमधल्या बुशेहरला थांबले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत पोहोचले. अफू आणि कापसाच्या व्यापारावर घराणं वाढलं. त्यांच्या मुलाने, अल्बर्ट ससूनने, बांधलेली ससून गोदी १८७५ ची. पुण्याचं ससून रुग्णालय आणि कॅम्पातलं 'लाल देऊळ' हे ज्यू प्रार्थनास्थळ त्यांच्याच दानातलं. डेव्हिड ससून यांची समाधीही तिथेच आहे.

आणि गरीब म्हणून आले ते इराणी. यज्द आणि केरमानच्या खेड्यांतले झरतुष्ट्री, ज्यांना १८८२ पर्यंत इराणमध्ये जिझिया भरावा लागे. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं, त्यांच्या खटपटींनी तो कर उठला. १८७० च्या आसपासच्या दुष्काळाने आणखी माणसं समुद्रापार ढकलली. मुंबईत त्यांनी मिळेल ती चाकरी केली, पुढे चहाची किटली हाती घेतली. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानून टाळत, ती यांना स्वस्तात मिळाली असं सांगतात. शियापंथी इराणीही याच धंद्यात आले. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत कोणी तक्ता केला असता तर 'बगदादी' वर आणि 'इराणी' खाली असा निघाला असता, आणि एखाद्याने त्यावरून बगदादच्या संस्कृतीत व्यापारी गुण कसे आहेत यावर लेखही लिहिला असता. तोही तक्ता अर्धवटच ठरला असता, कारण ससूनांच्या गिरण्यांत आणि गोदामांत काम करणारे बगदादी ज्यूही होते आणि ते काही श्रीमंत नव्हते.

स्वीडन: दोघेही निर्वासित

कोणी म्हणेल, इराणी विद्यार्थी म्हणून आले आणि इराकी निर्वासित म्हणून, त्यामुळे तुलनाच चुकीची. रास्त आहे. म्हणून स्वीडनकडे एक नजर टाकू, कारण तिथे दोघेही मुख्यतः आश्रय मागतच आले. इराणी १९८० च्या दशकात: सक्तीच्या लष्करभरतीतून निसटलेले तरुण, डावे विद्यार्थी, राजकीय कैदी. इराकींची मोठी लाट दोन दशकांनी; २००७ या एका वर्षात १८,५५९ इराकींनी तिथे आश्रय मागितला. स्टॉकहोमजवळच्या सोडरटेल्ये या ऐंशी-एक हजार वस्तीच्या शहरात इतके आले की तिथले महापौर अँडर्स लागो यांनी २००८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकन लोकप्रतिनिधींना सांगितलं, तुम्ही आणि कॅनडा मिळून जितके इराकी घेतलेत त्याहून जास्त माझ्या एका गावाने घेतले.

आज स्वीडनमध्येही इराणी वर आणि इराकी खाली दिसतात. पण १९९० च्या दशकाच्या मध्याला पाहिलं असतं तर? स्वीडन तेव्हा खोल मंदीत होता, आणि इराणी पदवीधर मोठ्या संख्येने बेकार होते किंवा टॅक्सी चालवत होते. एल काहोनच्या औषधशास्त्रज्ञाची जी अवस्था २००९ मध्ये होती तीच. मग तीस वर्षं गेली, मुलं विद्यापीठांत गेली. रोमिना पूरमोख्तारी २०२२ मध्ये स्वीडनच्या हवामानमंत्री झाल्या. त्या इराणी वडिलांच्या कन्या आहेत, जन्म १९९५ चा.

तीस वर्षांनी सगळं आपोआप जुळून येतं असं मात्र मी म्हणणार नाही. इराण्यांमध्ये शिकलेल्यांचं प्रमाण सुरुवातीपासून जास्त होतं, आणि तो फायदा टिकतो. इराकी मुलांच्या आई-वडिलांची शाळा निर्बंधांच्या काळात सुटलेली आहे. ते अंतर भरायला काळाबरोबर पैसेही लागतील.

तक्त्यात काय बदलावं

इराणी बाजूलाही काळजीची कारणं आहेत आणि समृद्धीच्या सरासरीखाली ती झाकली जातात. मुलांमागून उतारवयात आलेले, इंग्रजी न येणारे, सरकारी भत्त्यावर एकटे राहणारे म्हातारे लॉस एंजेलिसमध्ये थोडे नाहीत. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे घर विकल्याचे पैसे इराणमधून कायदेशीर मार्गाने आणणं आजही डोकेदुखी आहे. अमेरिकेच्या २७ जानेवारी २०१७ च्या प्रवेशबंदीत इराण आणि इराक दोन्ही होते. मार्चच्या दुसऱ्या आदेशात इराक वगळला गेला, इराण राहिला. जून २०२५ च्या बंदीतही इराण आहे, इराक नाही. ज्या विद्यार्थी-मार्गाने वेस्टवूड उभं राहिलं तोच मार्ग आता आखडतो आहे. उद्याचा इराणी कालच्या इराण्यासारखा असेल असं गृहीत धरायला जागा नाही.

मोजणीतही घोळ आहे. अमेरिकेच्या जनगणनेत दोन्ही समाज आजवर 'श्वेत' रकान्यात बसवले गेले. २०२० मध्ये त्या रकान्याखाली मूळ लिहायची सोय झाली तेव्हा ५ लाख ६८ हजार लोकांनी इराणी असं नोंदवलं. पण इराणमधला आर्मेनियन 'आर्मेनियन' लिहितो आणि डेट्रॉइटचा यशस्वी दुकानदार बहुधा 'खाल्डियन' लिहितो, 'इराकी' नाही. परिणामी 'इराकी' या नावाखाली यशस्वी जुने लोक कमी आणि नवे, अडचणीतले जास्त उरतात. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा स्वतंत्र वर्ग ठेवायचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला. तो अमलात आला तरी जोडीला आगमनाचं साल आणि व्हिसाचा प्रकार नसेल तर तोच गैरसमज मोठ्या अक्षरात छापला जाईल.

एल काहोनसाठी मला दोन गोष्टी तातडीच्या वाटतात. परवाना हवा असलेल्या डॉक्टर, औषधशास्त्रज्ञ, अभियंत्यांना पहिली दोन वर्षं अभ्यासासाठी बिनव्याजी कर्ज मिळावं आणि मदतीची अट म्हणून हमाली लादली जाऊ नये. आणि बायकांसाठी इंग्रजीचे वर्ग लहान मुलं सांभाळण्याच्या सोयीसह, घराजवळ, सकाळच्या वेळी असावेत. दुसरा पगार घरात आला की भाड्याचं ओझं निम्म्यावर येतं.

२००९ मध्ये आठ वर्षांचा असताना तिथे उतरलेला मुलगा आज पंचविशीत आहे. ग्रॉसमॉन्ट कॉलेज त्याच्या गावातच आहे. कदाचित तो चुलत्याच्या दुकानात गल्ल्यावर बसून संध्याकाळचे वर्ग करतो, कदाचित वडिलांनी अर्धवट सोडलेली औषधशास्त्राची परीक्षा आता तो देणार आहे. पुढच्या पाहणीत त्याचं उत्पन्न मोजताना त्याच्याच वयाच्या, आई-वडील १९७९ ला आलेल्या वेस्टवूडच्या मुलाशेजारी त्याला उभं करू नये. त्याला उभं करावं त्या मुलाच्या आजोबांशेजारी, १९९५ साली, म्हणजे त्यांना येऊन सोळा वर्षं झाली तेव्हा, कपडे धुण्याच्या दुकानात.